जुन्या संगणकांसाठी लिनक्स : नव्या आवृत्त्या आणि मराठी कामाची साधने

मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या प्रणालीची मोफत सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. जुलै २०१५ मध्ये आलेली ही प्रणाली दशकभर कार्यालयांपासून घरांपर्यंत सर्वत्र रुळली होती. बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर काय आणि घाटाखाली काय, शाळांचे संगणक कक्ष, झेरॉक्स व डीटीपीची दुकाने, अडत्यांच्या पेढ्या आणि विद्यार्थ्यांची घरे अशा ठिकाणी तिच्यावर चालणारे संगणक सहज आढळतात. ते काही एका रात्रीत बंद पडले नाहीत. पण नव्या विषाणूंपासून आणि नव्याने उघडकीस येणाऱ्या त्रुटींपासून त्यांना मिळणारे संरक्षण संपले. बँकेचे व्यवहार, आधारची कागदपत्रे आणि विद्यार्थ्यांचे अर्ज ज्या यंत्रावरून भरले जातात, त्याच्या बाबतीत ही गोष्ट दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

अशा संगणकाच्या मालकापुढे तीन मार्ग असतात. पहिला, नवा संगणक घेणे. ‘विंडोज ११’ साठी ६४ बिटचा प्रोसेसर, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा चकती लागते. इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे बहुतेक प्रोसेसर तिच्या अधिकृत यादीत नाहीत. दुसरा मार्ग मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांसाठी जाहीर केलेल्या वाढीव सुरक्षा सेवेचा. तिची जाहीर मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची होती. म्हणजे तो मुक्काम नव्हे, केवळ थांबा. तिसरा मार्ग लिनक्सचा. तो विनामूल्य आहे आणि चांगल्या स्थितीतील जुन्या यंत्राला पुढची काही वर्षे सुरक्षितपणे कामात ठेवू शकतो. मात्र मराठीत काम करणाऱ्याने तो निवडण्यापूर्वी प्रणालीच्या दिसण्यापेक्षा आपल्या मराठी फायलींचा विचार आधी केला पाहिजे.

लिनक्स : थोडी पार्श्वभूमी

फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा, म्हणजे ‘कर्नल’, लिहिला आणि तो सर्वांसाठी खुला केला. या गाभ्याभोवती पडद्यावरील मांडणी, कार्यालयीन साधने, ब्राउझर इत्यादींची जुळणी करून जे संच तयार होतात, त्यांना ‘डिस्ट्रिब्युशन’ किंवा ‘डिस्ट्रो’ म्हणतात. उबंटू, मिंट, डेबियन, फेडोरा ही त्यांतील परिचित नावे. गाभा एकच असला तरी प्रत्येकाचा स्वभाव, गरजा आणि पाठबळाची मुदत निराळी असते.

मोठ्या शहरांबाहेर लिनक्स सुरुवातीला इंटरनेटवरून फारसे आले नाही, ते चकत्यांवरून आले. ‘पीसी क्वेस्ट’ मासिक १९९६ पासून लिनक्सच्या सीडी वाचकांना देत असे. २००५ ते २०११ या काळात उबंटूची निर्माती कॅनॉनिकल कंपनी मागणी करणाऱ्याच्या पत्त्यावर टपालाने मोफत सीडी पाठवत असे. केंद्र शासनाच्या सी-डॅक या संस्थेने २००७ मध्ये डेबियनवर आधारलेली ‘बॉस’ ही भारतीय भाषांची प्रणाली सादर केली. त्या काळी लिनक्स बसवणे हे जाणकाराचे काम मानले जाई. वाय-फाय चालत नसे, आवाज येत नसे आणि मराठी जोडाक्षरे तुटत असत. आज त्यांतील बहुतेक अडचणी दूर झाल्या आहेत. ज्या उरल्या आहेत त्या पुढे सांगितल्या आहेत.

कोणती आवृत्ती निवडावी?

लिनक्सची निवड करताना ‘सर्वांत नवी’ आवृत्ती शोधण्यापेक्षा ‘सर्वांत दीर्घ पाठबळाची’ आवृत्ती शोधणे हिताचे असते. उबंटूच्या दर सहा महिन्यांनी आवृत्त्या निघतात, पण त्यांपैकी सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येणाऱ्या आवृत्तीलाच ‘एलटीएस’ म्हणजे दीर्घ मुदतीचे पाठबळ असते. एप्रिल २०२४ मधील ‘उबंटू २४.०४’ला पाच वर्षांची सुरक्षा अद्यतने आहेत. वैयक्तिक वापरासाठी पाच संगणकांपर्यंत विनामूल्य मिळणारी ‘उबंटू प्रो’ नोंदणी केल्यास ही मुदत दहा वर्षांपर्यंत वाढते. याउलट ऑक्टोबर २०२५ मधील ‘उबंटू २५.१०’ला केवळ नऊ महिन्यांचे पाठबळ देण्यात आले. दुकान किंवा शाळेसाठी अशी मधली आवृत्ती घेणे म्हणजे वर्षाच्या आत पुन्हा खटाटोप करणे होय.

विंडोजची सवय असलेल्याला ‘लिनक्स मिंट’ सर्वाधिक जवळची वाटते. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात यादी, उजवीकडे घड्याळ अशी तिची ओळखीची मांडणी आहे. मिंटच्या आवृत्त्यांना स्त्रियांची नावे देण्याची प्रथा आहे. २२ मालिकेतील ‘विल्मा’ जुलै २०२४ मध्ये आणि ‘झारा’ ही २२.२ आवृत्ती सप्टेंबर २०२५ मध्ये आली. ही मालिका उबंटू २४.०४ वर आधारलेली असून तिला एप्रिल २०२९ पर्यंत पाठबळ आहे. मिंटची किमान गरज २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा इतकीच असली तरी सुखाने काम होण्यासाठी ४ जीबी रॅम हवी.

यंत्र अधिक जुने असेल तर मिंटची ‘एक्सएफसीई’ मांडणी निवडावी. दिसायला साधी, पण चालायला हलकी अशी ही मांडणी असून तिची ४.२० ही आवृत्ती डिसेंबर २०२४ मध्ये आली. तरीही एक गोष्ट लक्षात ठेवावी : प्रणाली कितीही हलकी असली तरी आजची संकेतस्थळे जड आहेत. २ जीबी रॅमवर संगणक सुरू होईल, लेखन होईल. पण ब्राउझरची चार पाने एकदम उघडली की तो अडखळेल. अशा वेळी जुनी हार्ड डिस्क काढून छोटी एसएसडी बसवणे आणि रॅम वाढवणे या दोन उपायांचा परिणाम कोणत्याही आवृत्तीपेक्षा जास्त जाणवतो.

स्थैर्याला प्राधान्य देणाऱ्यांसाठी डेबियन आहे. तिची ‘ट्रिक्सी’ ही तेरावी आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ रोजी प्रसिद्ध झाली. जुन्या यंत्रांच्या दृष्टीने तिच्यातील एक बदल महत्त्वाचा आहे : ३२ बिटच्या संगणकांसाठीचा स्वतंत्र इन्स्टॉलर तिच्यातून वगळण्यात आला. पेंटियम-४ च्या काळातील यंत्रे वापरणाऱ्यांसाठी बारावी आवृत्ती, ‘बुकवर्म’, ही त्या परंपरेतील शेवटची. लिनक्सही सर्व जुन्या यंत्रांना अमरत्व देत नाही, हे यावरून ध्यानात यावे. नवीनतेची आवड असणाऱ्यांसाठी फेडोरा योग्य. पण तिच्या प्रत्येक आवृत्तीला सुमारे तेरा महिन्यांचेच पाठबळ मिळत असल्याने वर्षातून एकदा तरी अद्ययावत करण्याची तयारी हवी.

बसवण्यापूर्वी पारखून घ्यावे

लिनक्सचा मोठा गुण असा की ते न बसवताही चालवून पाहता येते. प्रणालीची फाइल डाऊनलोड करून पेन ड्राइव्हवर चढवली आणि संगणक त्या पेन ड्राइव्हवरून सुरू केला, की हार्ड डिस्कला हात न लावता संपूर्ण लिनक्स समोर येते. यासाठी विंडोजवर ‘रुफस’ किंवा ‘बलेना एचर’ ही साधने वापरतात. ‘व्हेंटॉय’ हे साधन त्याहून सोयीचे. ते एकदा पेन ड्राइव्हवर बसवले की मिंट, उबंटू, डेबियन अशा अनेक प्रणालींच्या फायली त्यावर केवळ कॉपी करायच्या आणि सुरुवातीला हवी ती निवडायची. शाळेतील दहा-बारा संगणकांसाठी असा एकच पेन ड्राइव्ह पुरतो.

मिंटची फाइल सुमारे ३ जीबीची, तर उबंटूची जवळपास ६ जीबीची असते. मोबाइलच्या रोजच्या मर्यादित डेटावर ती उतरवणे कठीण. त्यामुळे महाविद्यालयातील किंवा परिचितांकडील ब्रॉडबँडचा उपयोग करावा. फाइल उतरवल्यावर तिचा ‘चेकसम’ हा पडताळणी क्रमांक अधिकृत संकेतस्थळावरील क्रमांकाशी जुळवून पाहावा. अर्धवट उतरलेली फाइल हे बिघडलेल्या इन्स्टॉलेशनचे एक नेहमीचे कारण आहे.

पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू झाल्यावर पाच गोष्टी तपासाव्यात : वाय-फाय, आवाज, वेबकॅम, प्रिंटर आणि मराठी टंकन. एचपीच्या बहुतेक प्रिंटरना ‘एचपीलिप’ या साधनामुळे अडचण येत नाही. छोट्या कार्यालयांत सर्रास दिसणाऱ्या कॅनन एलबीपी-२९०० या लेसर प्रिंटरला मात्र ‘कॅप्ट’ हा वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो बसवणे नवख्याला जिकिरीचे जाते. ही परीक्षा आधीच झालेली बरी.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही एकाच यंत्रावर ठेवता येतात. तसे करण्यापूर्वी सर्व फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. विंडोजमध्ये ‘बिटलॉकर’ चालू असल्यास त्याची रिकव्हरी की लिहून ठेवावी. दोन्ही प्रणाली असलेल्या संगणकावर घड्याळ साडेपाच तास चुकल्याचे आढळले तर घाबरू नये. विंडोज यंत्राच्या घड्याळात भारतीय वेळ ठेवते, तर लिनक्स तेथे जागतिक प्रमाणवेळ ठेवते. दोहोंमधील अंतर नेमके साडेपाच तासांचे. लिनक्सला स्थानिक वेळ वापरण्यास सांगणारी एक आज्ञा दिली की ही तक्रार मिटते.

मराठी लिहिण्याची सोय

लिनक्सवरील देवनागरीच्या घडणीत महाराष्ट्राचा वाटा आहे. रेड हॅट कंपनीच्या पुण्यातील अभियंत्यांनी भारतीय लिप्यांसाठीच्या ‘लोहित’ या मुक्त फॉन्टमालिकेची वर्षानुवर्षे जोपासना केली. ‘लोहित’ म्हणजे तांबडा. कंपनीच्या तांबड्या टोपीवरून हे नाव आले. या मालिकेत मराठीसाठी स्वतंत्र फॉन्ट ठेवण्यात आला, कारण मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीहून वेगळी आहेत. महाराष्ट्र शासनानेही ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाद्वारे मराठी वर्णमालेतील या अक्षरांची रूपे निश्चित केली. काही आधुनिक फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडली की मराठी वळण आपोआप उमटते. त्यामुळे कागदपत्राची भाषा हिंदी राहू न देता मराठी निवडणे हा केवळ औपचारिकपणा नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बालू’ हे फॉन्टही विनामूल्य असून शीर्षकांसाठी व फलकांसाठी उपयुक्त आहेत.

टंकनासाठी उबंटूमध्ये सेटिंग्जमधील कीबोर्ड विभागात ‘मराठी’ जोडावी. विंडोज कळ व स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजी-मराठी अदलाबदल करता येते. ‘आयबस’ या साधनासोबत ‘एम-१७-एन’ हा संच बसवला की इनस्क्रिप्ट, फोनेटिक आणि आयट्रान्स असे पर्याय मिळतात. इनस्क्रिप्ट ही शासनमान्य मांडणी विंडोजवर शिकलेल्याला येथे वेगळे काही शिकावे लागत नाही. रोमन अक्षरांवरून मराठी लिहिणाऱ्यांना फोनेटिक सोपी पडते. टंकलेखन यंत्राच्या ‘रेमिंग्टन’ मांडणीची सवय असलेल्यांना या संचात हिंदीच्या नावाखाली तशी मांडणी सापडते. तिच्यात काही कळा मराठी यंत्राहून वेगळ्या असू शकतात.

दोन अक्षरांबाबत विशेष दक्षता हवी. ‘शेतकऱ्यांना’, ‘तऱ्हा’, ‘दऱ्या’ या शब्दांतील अर्धा ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो : एक ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, आणि दुसरा साध्या ‘र’ला हलन्त व न दिसणारे एक जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे शब्द वाटतात. परिणामी शेकडो नावांच्या यादीत ‘शेतकऱ्यांना’ शोधले असता निम्म्या नोंदी सापडत नाहीत. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून ‘जे’ ही कळ दाबली की थेट ‘ऱ’ मिळतो. तोच सर्वांनी वापरावा. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली समाविष्ट झाले. त्यापूर्वीच्या फायलींत त्याऐवजी ‘अ‍ॅ’ अशी जोडणी आढळते आणि शोधाची तीच अडचण उद्भवते.

जुन्या फॉन्टमधील फायलींचा प्रश्न

खरी कसोटी येथे आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी, आकृती, डीव्हीबी-टीटी योगेश अशा फॉन्टमध्ये लिहिला गेला, आणि अनेक ठिकाणी आजही लिहिला जातो. या फायलींत संगणकाच्या लेखी मराठी नसतेच. कृतिदेवमध्ये ‘क’ दिसत असला तरी फाइलमध्ये रोमन ‘डी’ साठवलेला असतो. फॉन्ट केवळ त्यावर ‘क’चा मुखवटा चढवतो. फॉन्ट गेला की मुखवटा गेला आणि उरते ती रोमन अक्षरांची खिचडी. ग्रामपंचायतीचे ठराव, सहकारी संस्थांची इतिवृत्ते, शाळांचे अहवाल, स्थानिक लेखकांची हस्तलिखिते आणि स्मरणिका अशा स्थितीत कुठल्याशा जुन्या संगणकावर पडून असतील, तर ते यंत्र भंगारात जाण्यापूर्वी त्यांची सोय लागली पाहिजे.

पहिला उपाय तात्पुरता आहे. जुन्या संगणकावरील फॉन्टच्या फायली परवाना पाहून लिनक्सवर बसवल्या की लिब्रेऑफिसमध्ये ती कागदपत्रे पूर्ववत दिसू लागतात. त्यामुळे वाचन आणि छपाईची सोय होते. पण शोध घेणे, मजकूर मोबाइलवर पाठवणे किंवा संकेतस्थळावर ठेवणे शक्य होत नाही.

कायमचा उपाय युनिकोडमध्ये रूपांतर हाच. प्रचलित फॉन्टसाठी रूपांतरक उपलब्ध आहेत. ज्या फॉन्टसाठी ते मिळत नाहीत, त्या फाइलची आधी पीडीएफ करावी आणि मग ‘टेसरॅक्ट’ या अक्षर-ओळख साधनाकडे ती सोपवावी. हे साधन चित्रातील अक्षर वाचते, त्यामुळे आत कोणता फॉन्ट दडला आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते. एचपी कंपनीत १९८० च्या दशकात जन्मलेले टेसरॅक्ट २००५ मध्ये मुक्तस्रोत झाले. २०१८ मधील चौथ्या आवृत्तीपासून ते कृत्रिम चेतापेशींच्या जाळ्यावर आधारलेले आहे आणि मराठीसाठी त्याची स्वतंत्र भाषा-फाइल मिळते. आज्ञा लिहिण्याची सवय नसलेल्यांनी ‘जी-इमेज-रीडर’ ही त्याची खिडकी वापरावी. जुनी छापील पुस्तके आणि टंकलिखित कागद स्कॅन करून वाचण्यासाठीही हाच मार्ग आहे.

रूपांतर कोणत्याही मार्गाने केले तरी मूळ प्रतीशी ताडून पाहणे अनिवार्य आहे. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘र्य’ आणि ‘ऱ्य’ यांत यंत्राची गल्लत होते. ललित लेखात अशी चूक खटकते एवढेच. पण खातेदाराचे नाव, गट क्रमांक किंवा रक्कम चुकली तर तिचे मोल मोठे असते. म्हणून मूळ फाइल, तिची पीडीएफ आणि नवी युनिकोड फाइल या तिन्ही जपून ठेवाव्यात.

रोजच्या कामाची साधने

लिनक्समध्ये साधने प्रणालीच्या स्वतःच्या ‘सॉफ्टवेअर मॅनेजर’मधून घेतली जातात. अनोळखी संकेतस्थळावरून फाइल उतरवून ती चालवण्याची विंडोजवरील सवय येथे सोडून द्यावी. लिनक्सच्या सुरक्षिततेचा बराचसा भाग याच शिस्तीत आहे.

कार्यालयीन कामासाठी ‘लिब्रेऑफिस’ बहुतेक संचांत आधीच असते. २०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळ्या झालेल्या या संचाच्या आवृत्त्यांना २०२४ पासून वर्ष आणि महिन्याचे क्रमांक दिले जातात, २५.२ फेब्रुवारी २०२५ मध्ये, तर २५.८ ऑगस्ट २०२५ मध्ये आली. मराठी लेखनासाठी भाषेच्या पर्यायांत ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ या शीर्षकाखाली मराठी निवडावी. देवनागरीचा फॉन्ट आणि आकार तेथे स्वतंत्रपणे ठरतो. हे ठाऊक नसल्याने ‘शैलीत फॉन्ट बदलूनही मराठी बदलत नाही’ असा नवख्यांचा गोंधळ होतो. वीज अचानक जाणाऱ्या गावांत स्वयंचलित जतनाची वेळ मूळच्या दहा मिनिटांवरून दोन मिनिटांवर आणावी. विंडोजवरील ‘मंगल’ फॉन्ट लिनक्सवर नसल्याने पानांची मांडणी सरकू शकते. म्हणून पक्की प्रत नेहमी पीडीएफमध्ये पाठवावी.

पीडीएफची पाने जोडणे, वेगळी करणे, फिरवणे यासाठी ‘पीडीएफ अरेंजर’ आणि पीडीएफवर खुणा किंवा सही करण्यासाठी ‘झुर्नल++’ ही साधने अर्ज भरणाऱ्यांना रोज उपयोगी पडतील. छायाचित्रांसाठी ‘गिम्प’ची ३.० ही आवृत्ती सुमारे सात वर्षांच्या प्रतीक्षेनंतर मार्च २०२५ मध्ये आली. मूळ चित्राला धक्का न लावता परिणाम बदलण्याची सोय हे तिचे वैशिष्ट्य. रेखाचित्रे, बोधचिन्हे आणि फलकांसाठी ‘इंकस्केप’ आहे. पत्रिका, स्मरणिका आणि पुस्तकांची मांडणी ‘स्क्रायबस’वर करता येते, त्याच्या जुन्या स्थिर आवृत्त्यांत देवनागरी जोडाक्षरे नीट जुळत नसत, जानेवारी २०२४ मधील १.६ आवृत्तीपासून ही उणीव दूर झाली.

मोबाइल आणि संगणक यांच्यात तारेविना फायली पाठवण्यासाठी ‘केडीई कनेक्ट’ वापरावे. ‘टाइमशिफ्ट’ हे मिंटमधील साधन प्रणालीची स्थिती ठरावीक काळाने टिपून ठेवते. एखाद्या अद्यतनाने बिघाड झाल्यास कालच्या स्थितीत परतता येते. ते प्रणालीसाठी आहे, वैयक्तिक फायलींसाठी नव्हे. फायलींच्या प्रती घेण्याकरिता ‘देजा डूप’ वापरावे.

विद्यार्थ्यांसाठी ‘किविक्स’ हे साधन विशेष मोलाचे ठरते. मराठी विकिपीडिया एकदाच उतरवून घेतला की तो इंटरनेटविना वाचता येतो. जोडणी तुटक असलेल्या शाळेत संगणक कक्षाला ग्रंथालयाचे रूप येते. लहान मुलांसाठी ‘जीकॉम्प्रिस’, भूमितीसाठी ‘जिओजेब्रा’, आकाशदर्शनासाठी ‘स्टेलेरियम’ आणि नकाशांसाठी ‘क्यूजीआयएस’ ही साधनेही विनामूल्य आहेत. लोणारच्या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवराचा उपग्रह नकाशा, उंचसखलपणा आणि सरोवराच्या पाण्याचा बदलता विस्तार यांचा अभ्यास क्यूजीआयएसवर करणे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आहे.

कुठे अडते?

लिनक्स सर्वांसाठी नाही, हेही स्पष्ट असावे. व्यापाऱ्यांच्या पेढीवरील ‘टॅली प्राइम’ विंडोजसाठी तयार होते. ‘वाइन’ या साधनाच्या आधारे काही विंडोज साधने लिनक्सवर चालतात. पण जीएसटीचे विवरण ज्यावर अवलंबून आहे, ते अशा प्रयोगावर सोडणे शहाणपणाचे नाही. खामगाव-मलकापूरच्या बाजारपेठेतील पेढीने हिशेबाचा एक संगणक विंडोज ११ वर ठेवावा आणि उरलेल्यांचा विचार लिनक्ससाठी करावा. ‘कोरल ड्रॉ’वर वर्षानुवर्षांच्या फायली असलेल्या डीटीपी व्यावसायिकाने एकदम स्थलांतर करू नये. इंकस्केप त्या फायली काही प्रमाणात उघडते, पण जुन्या मराठी फॉन्टसह त्या तंतोतंत उतरतील याची हमी नसते. डिजिटल स्वाक्षरीचा यूएसबी टोकन वापरणाऱ्यांनी त्याचा लिनक्स ड्रायव्हर पुरवठादाराकडून मिळतो की नाही, हे आधी विचारावे. केवळ ब्राउझरवर चालणारी कामे, जसे महाभूलेखवरील सात-बारा पाहणे, फायरफॉक्स किंवा क्रोममध्ये नेहमीप्रमाणे होतात.

शिकणार कोठे?

मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने आणि केंद्र शासनाच्या अर्थसाहाय्याने सुरू झालेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्स, लिब्रेऑफिस, गिम्प इत्यादींचे छोटे दृक्‌श्राव्य पाठ मराठी निवेदनासह विनामूल्य मिळतात. काही पाठ जुन्या आवृत्त्यांवर चित्रित झाल्याने यादीतील नावे थोडी बदललेली दिसतील, पण पायऱ्या समजण्यास अडचण येत नाही. केरळमधील शासकीय शाळांनी २००० च्या दशकापासून लिनक्सचा स्वीकार केला. तेथील अनुभव असा की प्रणालीपेक्षा शिक्षकांचे प्रशिक्षण आणि बिघाडाच्या वेळी हाकेला येणारा माणूस महत्त्वाचा ठरतो. बुलढाणा जिल्ह्यात शेगावचे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून आहे, इतरही तंत्रशिक्षण संस्था आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांनी तालुक्याच्या शाळांतील दोन-चार संगणक उभे करून दिले, तर तो त्यांच्यासाठीही उत्तम प्रकल्प ठरेल.

स्थलांतर करणाऱ्याने क्रम मात्र चुकवू नये. आधी सर्व फायलींची प्रत घ्यावी, मग पेन ड्राइव्हवरून लिनक्स पारखावे, मग एकाच संगणकावर महिनाभर काम करून पाहावे आणि त्यानंतरच इतर यंत्रांना हात लावावा. जुन्या फॉन्टमधील मजकुराचे रूपांतर तर त्याहूनही आधी. प्रणाली आज बदलली काय किंवा सहा महिन्यांनी बदलली काय, फारसे बिघडत नाही. पण ज्या संगणकावर ते जुने फॉन्ट आहेत आणि जो माणूस त्या फायली ओळखतो, ते दोन्ही हाताशी आहेत तोवरच हे काम सोपे आहे.